सरकार लहान हवे म्हणणाऱ्या अमेरिकेतील मराठी मित्रांस अनावृत पत्र

प्रति,
अमेरिकेतील मराठी मंडळांचे सभासद आणि मतदार यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२५च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनमधील वादामुळे केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले होते आणि गरिबांच्या अन्नसाहाय्याचे, म्हणजे ‘स्नॅप’चे, त्या महिन्याचे पैसे अडकून पडले होते. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. जेवताना विषय निघाला तेव्हा एक जुने स्नेही म्हणाले, “बरेच झाले. दोन महिने बंद राहू दे, आपोआप कामाला लागतील.” टेबलावरील तिघांनी मान डोलावली, एकाने विषय बदलला आणि मी पापड मोडत गप्प बसलो. उत्तर सुचले ते घरी परतताना गाडीत, आणि ते इतके लांबत गेले की आता पत्रच लिहावे लागत आहे. ते एकट्या स्नेह्यांना न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे, कारण त्यांनी बोलून दाखवले ते आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते, आणि आता आपल्यापैकी बरेचजण येथे मतदानही करतात.

आधी माझ्याविषयी दोन शब्द. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, ‘वायटूके’च्या, म्हणजे सन २०००साठी संगणकांतील तारखा दुरुस्त करण्याच्या, लाटेत, मी नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर आलो आणि तेव्हापासून जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत राहतो. सरकारचा मी भाट नाही. ज्या गावातून मी आलो तेथे सातबाऱ्यावरील एका नावाची दुरुस्ती करून घेण्यासाठी वडिलांनी तालुक्याला किती खेटे घातले, हे मी लहानपणी मोजले आहे. रेशनकार्डावर माझे नाव चढायला इतका काळ गेला की त्यापेक्षा लवकर मी अक्षरे गिरवायला शिकलो, असे आई सांगत असे. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण पुस्तकातून शिकलेलो नाही, ती आपल्या घरात घडलेली आहे. म्हणून जेव्हा आपण म्हणता की सरकारने कमीत कमी ठिकाणी आडवे यावे, तेव्हा त्यामागचा अनुभव मला ठाऊक असतो आणि त्याचा मी आदर करतो.

अमेरिकेत या विचाराची परंपरा आपल्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८५४ साली डोरोथिया डिक्स या बाईंच्या अनेक वर्षांच्या खटपटीने काँग्रेसने, म्हणजे येथील संसदेने, निर्धन मनोरुग्णांच्या सोयीसाठी एक कोटीहून अधिक एकर सरकारी जमीन देणारे विधेयक मंजूर केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. देशभराच्या दानधर्माचे यजमानपद केंद्र सरकारला देणारे कलम आपल्याला राज्यघटनेत कोठे सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८८७ साली टेक्सासात दुष्काळ पडला. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी अवघे १० हजार डॉलर द्यायचे होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी तेही नाकारले आणि लिहिले की लोक सरकारला पोसतात, म्हणून सरकारने लोकांना पोसावे असे नाही. या वाक्यात कोरडेपणा आहे, पण लबाडी नाही. आपण कोणाला नाही म्हणत आहोत आणि का, हे क्लीव्हलंड यांनी स्वतःच्या सहीखाली लिहून ठेवले. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवावा, कारण पुढे मला त्याकडेच यायचे आहे. (त्याच सरकारने १८६२पासून वसाहत करणाऱ्यांना १६० एकरांचे तुकडे जवळजवळ फुकट वाटले आणि रेल्वे कंपन्यांना तर जमिनींचे पट्टेच्या पट्टे दिले, ही गोष्ट त्या काळीही फारशी कोणाला विसंगत वाटली नाही.)

पुढचा इतिहास आपणास माहीत आहे. महामंदीनंतर १९३५ साली सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, आली; १९६५ साली मेडिकेअर हा मुख्यतः वृद्धांचा आणि मेडिकेड हा गरिबांचा सरकारी आरोग्यविमा आला. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी शपथविधीच्या भाषणात सांगितले की सध्याच्या संकटात सरकार हा उपाय नसून सरकार हीच समस्या आहे. आणि १९९६ साली क्लिंटन या डेमोक्रॅटिक अध्यक्षांनीच मोठ्या सरकारचे युग संपल्याचे जाहीर करून वेलफेअरचा, म्हणजे गरीब कुटुंबांच्या रोख मदतीचा, जुना कायदा मोडीत काढला.

आपला सर्वांत भक्कम मुद्दा हिशेबाचा आहे आणि तो मी नाकारत नाही. केंद्र सरकारचे कर्ज २०२४ अखेर ३६ हजार अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. त्याच आर्थिक वर्षात कर्जावरील निव्वळ व्याजाचा खर्च संरक्षणावरील खर्चाला ओलांडून गेला. असे घर चालवणाऱ्या माणसाला आपण उसनेही देणार नाही. पण पैसा जातो कोठे? या सरकारची थट्टा करताना येथे म्हणतात की ही एक विमा कंपनी आहे, फक्त तिच्याकडे सैन्यही आहे. खर्चाचे सर्वांत मोठे वाटे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांचे, म्हणजे मुख्यतः वृद्धांचे आहेत. आणि त्यांना हात लावणार नाही अशी शपथ दोन्ही पक्षांचे उमेदवार निवडणूक आली की घेतात. मग कात्री चालवायची कोठे, तर मेडिकेड आणि स्नॅपवर, कारण तेथील माणसे मंडळाच्या कार्यक्रमाला देणगी देत नाहीत आणि उमेदवारासोबत आरतीला उभी राहून फोटो काढत नाहीत.

येथे आपल्याच ताटाकडे एकदा पाहावे लागेल. ‘आम्ही सरकारकडून एक पैसा घेतला नाही,’ हे वाक्य मी येथे आल्यापासून ऐकत आहे आणि काही काळ स्वतःही म्हणत होतो. आपणा बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीतून येतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढीवर बंधन घातले, तेव्हा माणसे टिकवण्यासाठी कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली. १९५४च्या करकायद्याने त्या रकमेवरील करमाफी पक्की केली. आज कंपनी आपल्या कुटुंबाच्या विम्याचा जो मोठा हप्ता भरते, तो आपला मोबदलाच असतो, तरी त्यावर आपण कर भरत नाही. देशातील सर्वांत मोठ्या करसवलतींमध्ये तिची गणना होते, आणि ज्याचा पगार मोठा आणि कराचा टप्पा वरचा, त्याला ती जास्त मिळते. घरकर्जाच्या व्याजावरील सवलतीचेही तसेच. या मदतीसाठी आपल्याला कधी रांगेत उभे राहावे लागले नाही, म्हणून ती मदत वाटत नाही, इतकेच.

आपला एक राग मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. एच-वन-बीवर आलेल्या माणसाच्या पगारातून पहिल्या दिवसापासून सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी भरते, आणि ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, पूर्ण होण्याआधी तो पुण्याला किंवा नाशिकला परतला तर त्यातील काहीही त्याच्या हाती लागत नाही. कित्येक देशांशी अमेरिकेचा यासंबंधी करार आहे, भारताशी नाही. माझ्या ओळखीतील एक जोडपे सहा वर्षे भरून परत गेले. त्यांचे पैसे येथील कोणा आजीच्या निवृत्तिवेतनात गेले असतील आणि त्या आजीला त्याची खबरही नसेल. असा घाव बसलेल्याला ‘सामाजिक सुरक्षा’ हा शब्दच फसवा वाटला तर त्यात त्याची चूक नाही. परंतु हा प्रश्न दोन सरकारांनी न केलेल्या कराराचा आहे, आणि त्याचा राग मेडिकेडवरील बाईवर काढून तो सुटणार नाही.

आता मूळ मुद्दा. सेवा कमी करायच्या असतील तर त्याचा एक सरळ मार्ग आहे: अमुक लोकांना यापुढे मदत मिळणार नाही असा कायदा करावा, त्यावर मत द्यावे, आणि क्लीव्हलंड यांच्यासारखी सही करावी. अलीकडे हा मार्ग कोणी घेत नाही. मदत कायद्यात तशीच ठेवायची आणि तिच्याभोवती इतके अर्ज, पुरावे आणि मुदती उभ्या करायच्या की माणूस थकून स्वतःच गळून पडेल, ही आजची रीत आहे. आकडा कमी होतो आणि कोणी कोणाला नाही म्हटल्याची नोंद राहत नाही.

आर्कान्सा राज्याने २०१८ साली मेडिकेडवरील काही प्रौढांना दरमहा ८० तास काम केल्याचे कळवणे सक्तीचे केले. सुरुवातीला हे फक्त इंटरनेटवरूनच कळवता येत होते, आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. दिवसभर काम करणाऱ्याने काम केल्याचे कळवायचे कधी, याचा विचार ती वेळ ठरवणाऱ्याने केला नसावा. काही महिन्यांत १८ हजारांवर लोकांचा विमा गेला. नंतर झालेल्या अभ्यासात दिसले की रोजगार वाढलाच नाही. अटीखाली आलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक आधीच काम करत होते किंवा सवलतीला पात्र होते. २०१९च्या मार्चमध्ये न्यायालयाने ती योजना थांबवली. करोनाकाळात मेडिकेडच्या यादीतून कोणाला काढायचे नाही, असे संरक्षण होते. ते संपल्यावर २०२३ आणि २०२४मध्ये देशभर मेडिकेडची फेरतपासणी झाली, तेव्हा अडीच कोटींच्या आसपास लोक यादीतून निघाले. त्यांतील साधारण दोन-तृतीयांश लोक अपात्र ठरले म्हणून नव्हे, तर कागद वेळेत पोहोचला नाही, पत्ता बदलला होता, अशा कारणांनी निघाले.

आमच्या जॉर्जियात तर हा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. ओबामा यांच्या आरोग्यविमा कायद्यानुसार मेडिकेडचा विस्तार करायला, म्हणजे ते अधिक गरीब प्रौढांपर्यंत न्यायला, राज्याने नकार दिला आणि १ जुलै २०२३पासून ‘पाथवेज’ नावाची स्वतःची योजना आणली: दारिद्र्यरेषेखालील प्रौढांना विमा मिळेल, पण महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा तत्सम गोष्टींचा पुरावा हवा. पहिल्या वर्षी सुमारे २५ हजार लोक येतील असा राज्याचा अंदाज होता. आले ते पाच हजारांच्याही आत. केंद्राच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०२५मध्ये खर्च पाहिला, तेव्हा औषधोपचारापेक्षा दुप्पट पैसा संगणक-व्यवस्था, सल्लागार आणि कारभार यांवर गेलेला आढळला. सरकार लहान हवे म्हणणाऱ्या मित्रांनो, हे लहान सरकार आहे का? डॉक्टरला एक डॉलर आणि अर्ज तपासणाऱ्याला दोन, असा हिशेब आपल्या तालुक्याच्या कचेरीलाही जमला नव्हता.

मी शनिवारी सकाळी आमच्या भागातील सार्वजनिक वाचनालयात लोकांना अर्ज भरायला मदत करतो. निवृत्त झाल्यावर वेळ जात नव्हता, एवढेच त्याचे कारण. गेल्या वर्षी तेथे एक बाई आल्या. वय पन्नाशीच्या पुढे, पूर्वी एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या; आईला पक्षाघात झाला तेव्हा नोकरी सोडली. आता शेजारची दोन घरे साफ करतात, वर्षाला सात हजार डॉलर कसेबसे होतात, तेही रोख. रक्तदाबाच्या गोळ्या पुरवून पुरवून घेण्यासाठी त्या अर्ध्या करत होत्या. खासगी विम्यावर मिळणारे केंद्राचे अनुदान सुरू होते दारिद्र्यरेषेपासून, आणि एकट्या माणसासाठी ती रेषा होती १५,६५० डॉलर. म्हणजे अनुदान मिळण्यासाठी या बाई अधिक गरीब असून चालत नव्हते. त्यांनी जरा कमी गरीब व्हायला हवे होते. राहिला पाथवेजचा मार्ग. ८० तासांचा पुरावा विचारला तेव्हा त्यांनी पिशवीतून विजेच्या बिलाचा लिफाफा काढला. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने आईचे वेळापत्रक लिहिले होते: सहाला कूस बदलणे, सातला साखर तपासणे आणि इन्शुलिन, आठला भरवणे, असे रात्रीपर्यंत. मी सवयीने बेरीज केली. आठवड्याचे ९१ तास होत होते. त्या अर्जात आजारी आईच्या सेवेचे तास मोजायला जागा नव्हती, आणि घरकामाच्या तासांना पगाराची पावती नव्हती.

याच बाईंनी आईला नर्सिंग होममध्ये ठेवून पुन्हा नोकरी धरली असती, तर कागदोपत्री त्या आदर्श ठरल्या असत्या. फक्त आईचा वर्षाचा लाखभर डॉलरचा खर्च बहुधा मेडिकेडवर पडला असता, कारण या देशातील नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या दहापैकी सहाहून अधिक लोकांचा भार मेडिकेडच उचलते. सरकारचा खर्च वाचवणारी बाई सरकारच्या लेखी शून्य तास काम करत होती. आम्ही अर्ज भरला नाही. मी त्यांना एका धर्मादाय दवाखान्याचा फोन क्रमांक लिहून दिला, आणि तो त्यांनी त्याच लिफाफ्याच्या कोपऱ्यात उतरवून घेतला.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या केंद्राच्या कायद्याने हीच ८० तासांची पद्धत मेडिकेडचा विस्तार केलेल्या राज्यांनाही लावली आहे. २०२७च्या आरंभापर्यंत ती सुरू करायची आहे. अपंग माणसाची देखभाल करणाऱ्या घरच्यांना त्यात सूट आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सूट मिळण्यासाठीही पुरावाच द्यावा लागतो. शिवाय या प्रौढांची पात्रता वर्षातून एकदा नव्हे, दर सहा महिन्यांनी तपासली जाणार आहे. या कायद्यामुळे २०३४पर्यंत सुमारे एक कोटी अधिक लोक विम्याविना राहतील, असा काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. सहा महिने थांब म्हणणारे सरकार सोडून आपण सातासमुद्रापार आलो आणि येथे दर सहा महिन्यांनी पुन्हा ये म्हणणारे सरकार बसवायला आपणच टाळ्या वाजवत आहोत.

आपल्या विचाराच्या थोर पुरस्कर्त्यांना हे पटले असते असे मला वाटत नाही. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी गरिबांना द्यायचेच तर कारकुनांची फौज न उभारता करव्यवस्थेतूनच थेट रोख द्यावे, असा नकारात्मक प्राप्तिकराचा आराखडा मांडला होता. अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनाही समाजात कोणी अन्नवस्त्राविना राहू नये इतपत किमान हमी गैर वाटत नव्हती. फ्रीडमन यांच्या कल्पनेचा एक धाकटा अवतार १९७५पासून ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ या नावाने चालू आहे: काम करणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला करविवरणातूनच पैसे मिळतात. त्यात चुकीचे वाटप बरेच होते, ही टीका खरी आहे. तरी त्यासाठी प्रत्येक महिन्याला कोणासमोर तास मोजून दाखवावे लागत नाहीत. मदत किती द्यायची याबद्दल तुमचे-माझे मतभेद राहतील. मला ती जास्त हवी आहे, तुम्हाला कमी. परंतु जेवढी द्यायची ती साधेपणाने द्यावी आणि जी द्यायची नाही ती उघडपणे नाकारावी, यावर आपले एकमत व्हायला हरकत नसावी.

काहीजण म्हणतील की ही कामे मंदिरांनी, चर्चनी आणि मंडळांनी करावीत. करावीतच. त्या नोव्हेंबरात आपल्या मंडळाने तांदूळ आणि डाळ गोळा केली. ती अन्नछत्रात पोहोचवण्याचे काम माझ्याकडे होते. सगळे सामान माझ्या गाडीच्या डिकीत मावले, मागची सीट पाडावी लागली नाही. २०२५मध्ये स्नॅपवर चार कोटींहून अधिक लोक होते, एका माणसामागे महिन्याला सरासरी १९० डॉलरच्या आसपास मिळत होते, म्हणजे महिन्याचा खर्च साडेसात अब्ज डॉलरच्या वर जात होता. आपल्या उदारपणाला मी नावे ठेवत नाही. फक्त डिकीचे माप सांगत आहे.

पुढील गणेशोत्सवात नेहमीप्रमाणे उमेदवार येतील, शाल घेतील, मोदकाचे कौतुक करतील. त्यांना व्हिसाचा प्रश्न आपण विचारतोच आणि तो विचारावाच. भारताशी सोशल सिक्युरिटीचा करार का होत नाही, हेही विचारावे. त्याबरोबरच ज्याला सरकार लहान करायचे आहे त्याला एवढेच विचारावे की आपण कोणाची मदत बंद करणार आहात ते नाव घेऊन सांगाल का, आणि ती तपासायला किती नवे कारकून व किती कंत्राटदार नेमणार आहात. जो विस्ताराच्या बाजूचा असेल त्याला वाढत्या व्याजाचे काय करणार हे विचारायलाही मागेपुढे पाहू नये.

माझ्या त्या स्नेह्यांना मी फोन केला होता. ते रागावले नाहीत, म्हणाले, “एखाद्या शनिवारी येऊन बघतो.” वाचनालय सकाळी दहाला उघडते, आम्ही एकपर्यंत बसतो. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे. येताना वाचायचा चष्मा आणावा, कारण अर्जातील अक्षरे फार बारीक असतात.

आपला,
अटलांटाच्या उत्तरेकडील एक मराठी मतदार